सोवळ्यातली रेकॉर्ड

टर्नटेबल विकत घ्यायला निघालेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो असा: 'ऐकायला हवंय, की डीजेसाठी?' दुकानदार विचारतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे जाणकार विचारतात, आणि ज्याने आयुष्यात रेकॉर्डवर सुई ठेवलेली नाही असा ऑफिसातला सहकारीसुद्धा विचारतो. उत्तरानुसार पुढचा रस्ता ठरतो. 'ऐकायला' म्हणालात की लाकडी चौथऱ्याची, पट्ट्यावर फिरणारी, एका बटणाची सुबक यंत्रं पुढे येतात. 'डीजेसाठी' म्हणालात की कोपऱ्यातलं एक जड, काळं, बटणांनी भरलेलं धूड दाखवलं जातं, आणि सोबत एक सल्ला फुकट मिळतो: 'पण याच्यावर चांगल्या रेकॉर्डी लावू नका हं.'

हा प्रश्न तांत्रिक असल्याचा आव आणतो. माझं म्हणणं आहे की तो तांत्रिक नाहीच, सामाजिक आहे. तांत्रिक बाजूने पाहिलं तर घरी बसून गाणं ऐकणाऱ्यालाही, त्यातून मराठी घरातल्या जुन्या रेकॉर्डी ऐकणाऱ्याला तर विशेष करून, ते कोपऱ्यातलं धूडच घ्यायला हवं.

आधी सामाजिक भाग. मराठीत 'डीजे' हा शब्द माणसासाठी उरलेलाच नाही. डीजे म्हणजे मिरवणुकीतली ट्रकवरची स्पीकरची भिंत. 'डीजेमुक्त मिरवणूक' असे फलक लागतात तेव्हा कुणा कलाकाराला हद्दपार करायचं नसतं, तर भिंत हटवायची असते. कोल्हापूर-साताऱ्याकडे त्याच भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे ज्या कंपनीचं नाव झालं, तिचंच नाव आपण गोंगाटाला दिलं. शब्दांचं असं व्हायचंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यातून एक चित्र डोक्यात पक्कं बसलं आहे. एका बाजूला रसिक: आरामखुर्ची, मंद दिवा, दोन तळहातांत कडेने धरलेली रेकॉर्ड, डोळे मिटलेले. दुसऱ्या बाजूला डीजे: ज्याला ऐकण्याशी देणंघेणं नाही, जो रेकॉर्डला बोटं लावतो. बोटं लावणं हाच मूळ गुन्हा. रेकॉर्ड सोवळ्यात आहे, तिला शिवायचं नाही, आणि जो शिवतो त्याचं यंत्रही ओवळं, असा हा सगळा मामला आहे. आपल्याला ही भाषा अनोळखी नाही.

यंत्र कुणाचं होतं?

ज्या यंत्राला 'डीजेचं' म्हणून नाक मुरडलं जातं त्याचा जन्म घरातल्या श्रोत्यासाठी झाला. जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९७० साली टेक्निक्स या नावाखाली एसपी-१० हे टर्नटेबल बाजारात आणलं. त्यात पट्टा नव्हता, रबरी चाक नव्हतं. मोटरचा आस हाच तबकडीचा आस. मोटर मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद, इतक्या संथ गतीने थेट फिरते. म्हणून हे 'डायरेक्ट ड्राइव्ह'. १९७२ मध्ये आलेलं एसएल-१२०० हेसुद्धा हाय-फायच्या गिऱ्हाइकालाच विकलं जात होतं.

न्यू यॉर्कच्या ब्राँक्समध्ये मात्र त्याच काळात वेगळंच काही चाललं होतं. ११ ऑगस्ट १९७३ रोजी १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत डीजे कूल हर्कने आपल्या बहिणीसाठी पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख सांगतात. किंग्स्टनहून आलेल्या या मुलाचं निरीक्षण साधं होतं: लोक गाण्यातल्या एका ठराविक तुकड्याची वाट पाहतात, जिथे बाकी वाद्यं गप्प होतात आणि फक्त ताल उरतो. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो तुकडा लांबवायचा. त्याच्यामागून ग्रँडमास्टर फ्लॅश आला. तो व्यावसायिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. रेकॉर्ड आणि प्लॅटर यांच्यामध्ये कडक केलेलं फेल्ट घातलं, की खाली प्लॅटर फिरत राहतो आणि वर रेकॉर्ड हाताने थांबवता येते, हे त्याने ओळखलं. तुकडा कुठे सुरू होतो याची खूण तो रेकॉर्डवरच खडूने करायचा. दुसऱ्या रेकॉर्डवर काय वाजतंय ते लोकांना ऐकवण्याआधी आपल्या कानात यावं म्हणून त्याने मिक्सरला एक स्विच जोडला.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर येतो तो इंजिनियर. समस्या नेमकी काय आहे ते ओळखणारा, हाताशी असलेल्या वस्तूंनी ती सोडवणारा. आणि श्रोता म्हणूनही तो कमी नाही. तीन-चार मिनिटांच्या गाण्यातले नेमके दहा सेकंद लोकांना का आवडतात हे ज्याने हेरलं, ज्याने एका कानात एक गाणं आणि दुसऱ्या कानात दुसरं ठेवून दोघांची लय जुळवली, त्याला 'ऐकण्याशी देणंघेणं नाही' असं म्हणायला जीभ रेटते कशी?

रसिकांना जवळचं वाटेल असं उदाहरणही त्याच शहरात आहे. डेव्हिड मॅन्कूसो हा १९७० पासून ब्रॉडवेवरच्या स्वतःच्या घरात पार्ट्या द्यायचा, त्यांना 'द लॉफ्ट' म्हणत. क्लिप्शहॉर्न स्पीकर, पुढे कोएत्सूची हाताने बनवलेली कार्ट्रिज, म्हणजे कुठल्याही हाय-फाय वेड्याला हेवा वाटावा असा संच. पुढे पुढे त्याने मिक्सरच काढून टाकला. प्रत्येक रेकॉर्ड पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत, तिच्या मूळ गतीने वाजू द्यायची. लोक त्यावर रात्रभर नाचायचे. आता हा माणूस 'ऐकणारा' की 'डीजे'? घर की क्लब? जगभरच्या क्लब-संस्कृतीच्या मुळाशीच जर असा माणूस असेल, तर दुकानदाराच्या त्या प्रश्नाची किंमत काय उरते?

१९७९ मध्ये आलेलं एसएल-१२००चं दुसरं रूप, 'एमके२', हे मात्र क्लबमधल्या माणसांच्या गरजा पाहून घडवलेलं होतं. क्वार्ट्झ क्रिस्टलने बांधलेली गती, ती आठ टक्के कमी-जास्त करणारी सरकपट्टी, दणकट बूड. ते अनेक दशकं विकलं गेलं, २०१० मध्ये बंद झालं, आणि २०१६ मध्ये परत आलं तेव्हा गंमत झाली. नव्या मोटरचं एसएल-१२००जी चार हजार डॉलरला, थेट रसिकांच्या बाजारात. त्याच साच्याचं, तेच बाह्यरूप. डीजेंसाठीचं स्वस्त एमके७ आलं ते २०१९ मध्ये. तीस वर्षं ज्याला 'डिस्को टेबल' म्हणून हिणवलं ते किंमत वाढल्याबरोबर 'रेफरन्स' झालं. सोवळं पैशाने विकत मिळतं, हेही आपल्याला नवं नाही.

पट्टा, मोटर आणि भोक

पट्टावाल्या पक्षाचा युक्तिवाद असा: मोटर थरथरते, ती प्लॅटरला थेट जोडली तर थरथर सुईपर्यंत जाते, मध्ये रबरी पट्टा असला की तो ती शोषून घेतो. स्कॉटलंडच्या लिन कंपनीचं एलपी१२ त्याच सुमारास आलं आणि या विचाराचं दैवत झालं. युक्तिवाद चुकीचा नाही. स्वस्त, वाईट डायरेक्ट ड्राइव्ह खरंच घरघरतं. प्रश्न आहे तो प्रमाणाचा, आणि प्रमाण मोजता येतं.

एमके२च्या गतीतला चढउतार कंपनी ०.०२५ टक्के सांगते. आता रेकॉर्डकडे या. रेकॉर्डचं मधलं भोक कधीच अगदी केंद्रात नसतं. समजा ते ०.२ मिलिमीटरने सरकलेलं आहे. हे डोळ्यांना दिसणारही नाही. एलपीच्या शेवटच्या खाचा केंद्रापासून साधारण ६० मिलिमीटरवर असतात. ०.२ भागिले ६०, म्हणजे ०.३३ टक्के. प्रत्येक फेऱ्यात सूर तेवढा वर जातो आणि तेवढाच खाली येतो. टर्नटेबलच्या दोषापेक्षा हे प्रकरण दहापटीने मोठं. चाचणीच्या रेकॉर्डवर ३१५० हर्ट्झचा सूर असतो; तो लावा, फोनवर फ्रिक्वेन्सी मोजणारं अ‍ॅप उघडा, आणि आकडा दहा-दहा हर्ट्झने झुलताना स्वतः पाहा. भोकाचा हा दोष नाकामिची कंपनीने १९८० च्या दशकात इतका मनावर घेतला, की रेकॉर्डचं केंद्र शोधून ती आपोआप सरकवणारं एक अवाढव्य टर्नटेबल बनवलं. समस्या कुठे आहे हे तरी त्यांना समजलं होतं. आपल्याकडचे जाणकार मात्र पट्टा रेशमी असावा की रबरी यावर रात्री जागवतात.

आणखी एक गोष्ट. रेकॉर्ड मुळात कापली जाते ती कटिंग लेथवर. जर्मनीच्या नॉयमन कंपनीच्या व्हीएमएस ८० या प्रतिष्ठित लेथमध्ये प्लॅटर फिरवायला टेक्निक्सचीच डायरेक्ट ड्राइव्ह मोटर होती. ज्या थरथरीच्या भीतीने तुम्ही डायरेक्ट ड्राइव्हला घरात घेत नाही, त्याच पद्धतीच्या मोटरवर तुमची आवडती रेकॉर्ड कोरली गेली असण्याची शक्यता आहे.

कानांच्या शुद्धतेबद्दलच्या दाव्यांची एक परीक्षा २०२२ मध्ये झालीच. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी मूळ टेपवरून काढलेल्या महागड्या रेकॉर्डींसाठी नावाजलेली. तिच्या अनेक रेकॉर्डींच्या निर्मितीत मध्ये एक डिजिटल पायरी असल्याचं त्या वर्षी उघड झालं. 'डिजिटल म्हणजे निर्जीव' असं छातीठोक सांगणाऱ्या कित्येकांनी त्याच रेकॉर्डींना उत्तमतेचे दाखले दिले होते. प्रकरण कोर्टात गेलं. कंपनीने ग्राहकांपासून ते लपवलं ही गोष्ट वाईटच. पण 'मला लगेच कळतं' म्हणणाऱ्या कानांना वर्षानुवर्षं काही कळलं नव्हतं, हेही नोंदवून ठेवायला हवं.

सरकपट्टीचं काय करायचं?

'पण मला गती बदलायची काय गरज?' हा रसिकांचा हुकमी प्रश्न. गंमत अशी की मराठी श्रोत्याला ती गरज क्लबमधल्या डीजेपेक्षा जास्त आहे.

आपल्याकडचं ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरू झालं. तेव्हापासूनच्या पहिल्या काही दशकांतलं नाट्यसंगीत, ख्याल, लावण्या हे सगळं लाखेच्या रेकॉर्डींवर आहे. त्यांना आपण सरसकट '७८' म्हणतो, पण १९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण येईपर्यंत मिनिटाला ७८ फेरे हे प्रमाण काटेकोरपणे पाळलं जात नव्हतं. कुठली रेकॉर्ड ७४ ला कापलेली, कुठली ८० ला. हिशोब करा: गती सहा टक्क्यांनी चुकली की सूर एक पट्टी सरकतो. ७३.६ फेऱ्यांना कापलेली रेकॉर्ड ७८ ला लावलीत, तर काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. तान उगाच चपळ होते, आवाज पातळ होतो, आणि आपण म्हणतो, 'जुने लोक असंच नाकात गायचे.' नाकात गायचे की आपण त्यांना चुकीच्या गतीने फिरवत होतो? हे ठरवायला हार्मोनियम किंवा तंबोऱ्याचं अ‍ॅप हवं, आणि गती बारकाईने बदलणारी सरकपट्टी हवी. ती पट्टी रसिकांच्या सुबक यंत्रांवर क्वचितच असते. डीजेंच्या यंत्रावर ती असतेच, कारण दोन गाण्यांची लय जुळवणं हा त्यांच्या कामाचा पाया.

हेडशेलचंही तसंच. डीजेच्या टर्नटेबलवर आर्मचं टोक, म्हणजे कार्ट्रिज बसवलेलं हेडशेल, एक कडी फिरवून निघतं. क्लबमध्ये सुई तुटली तर गाणं संपायच्या आत बदलता यावी म्हणून ही सोय. घरी तिचा उपयोग वेगळा. लाखेच्या रेकॉर्डची खाच रुंद असते. तिला इंचाच्या तीन सहस्रांश त्रिज्येची सुई लागते. एलपीची सुई त्याच्या जेमतेम पाव. एलपीची सुई ७८ च्या खाचेत घातली तर ती तळाशी साचलेल्या धुळीत लोळते आणि खरखर तेवढी ऐकवते. म्हणजे दोन सुया हव्यात, आणि दोन सुया म्हणजे दोन हेडशेल. एक एलपीसाठी लंबवर्तुळाकार टोकाचं, एक ७८ साठी, आणि स्क्रॅच करायची हौस असेल तर तिसरं गोल टोकाचं, जाडजूड. यंत्र एकच.

इथे एक अट आहे: ७८ ची गती यंत्रात असायला हवी. जुन्या एमके२ मध्ये ती नाही. एमके७ मध्ये आहे, आणि ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी१२० या तुलनेने स्वस्त डायरेक्ट ड्राइव्हमध्येही आहे.

मग घ्यायचं काय?

आधी, काय घ्यायचं नाही. सूटकेससारखी उघडणारी, रंगीत, पोटातच स्पीकर असलेली टर्नटेबलं घेऊ नका. त्यांच्या सिरॅमिक कार्ट्रिजचा दाब साधारण पाच ग्रॅम असतो. चांगल्या कार्ट्रिजला दोन ग्रॅमच्या आत भागतं. दाब कमी-जास्त करायला मागे वजन नसतं, आणि स्पीकर हादरला की सुईही हादरते. रसिक लोक डीजेच्या हाताला भितात, आणि भाच्याच्या वाढदिवसाला हे खेळणं भेट देतात. रेकॉर्डीचं खरं नुकसान करणारं यंत्र ते आहे.

सरळ आर्मची टर्नटेबलंही घरासाठी नकोत. इथे दुकानदाराचा सल्ला खरा ठरतो. स्क्रॅच करताना सुई उडू नये म्हणून काही यंत्रांचा आर्म सरळ ठेवलेला असतो. त्यामुळे सुई खाचेत तिरकी बसते, आवाज बिघडतो. 'एस' आकाराचा आर्म पाहून घ्या.

अमेरिकेतल्या मावसभावाला 'येताना एक जुनं टर्नटेबल आण' असं सांगण्याआधी दोन मिनिटं थांबा. जुन्या पट्टावाल्या यंत्रांपैकी अनेकांची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालते. तिथे ती ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर लावलात तरी फक्त व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी तीच राहते. तिथलं तेहतीसचं यंत्र इथे २७.८ फेऱ्यांनी फिरतं, आणि गाणं तीन पट्ट्या खाली उतरतं. क्वार्ट्झवर चालणाऱ्या डायरेक्ट ड्राइव्हला हा आजार नाही. त्याला योग्य व्होल्टेज मिळालं की पुरे.

फोनो प्रीअ‍ॅम्प विसरू नका. कार्ट्रिजमधून जेमतेम पाच मिलिव्होल्ट बाहेर पडतात. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि तार सूर उचललेले असतात, दोन्ही टोकांना सुमारे वीस डेसिबल. वाजवताना ते उलटं करावं लागतं. एखादा साधा डीजे मिक्सर मिळाला तर त्यात हा प्रीअ‍ॅम्प आधीच असतो. पैशाचा मोठा वाटा कार्ट्रिज आणि सुईत घाला. सुई आणि खाच यांचा संबंध थेट आहे. चौथऱ्याच्या शिसवी लाकडाचा नाही.

ज्याला आजच्या क्लबमध्ये डीजे व्हायचंय त्याने मात्र टर्नटेबलपासून सुरुवात करू नये. तिथे बहुतेक काम डिजिटल प्लेयर आणि कंट्रोलरवर चालतं. कंट्रोलर आणि लॅपटॉपवर शिकावं. रेकॉर्डींवरच वाजवायचं असेल तर दोन टर्नटेबलं आणि मिक्सर लागेल, आणि ती हौस महाग आहे. ज्याला फक्त एलपी ऐकायच्या आहेत, जुन्या ७८ नाहीत, त्याने एखादं चांगलं पट्टावालं घेतलं तरी त्याचं काही बिघडणार नाही. माझा आक्षेप पट्ट्याला नाही, त्याच्याभोवतीच्या कर्मकांडाला आहे.

कारण त्या कर्मकांडाची किंमत मोजावी लागते, आणि ती फक्त पैशात नाही. कितीतरी मराठी घरांत माळ्यावर, कपाटाच्या तळाशी लाखेच्या रेकॉर्डी पडून आहेत. त्या कुणी लावत नाही, कारण 'फुटतील', 'योग्य मशीन नाही', 'तुम्हा मुलांना त्यातलं काय कळतं'. आजोबा गेले की रद्दीवाला येतो, आणि त्याच्याकडून त्या चोरबाजारात जातात. इतका जपलेला गवई कुणी शेवटचा कधी ऐकला, हे घरात कुणालाच आठवत नाही. पावसाळ्यात बुरशी धरून काही तशाच जातात. त्या रेकॉर्डींना आज काय हवंय? गती अचूक ठेवणारी आणि हवी तशी बदलू देणारी मोटर, बदलता येणारी सुई, आणि हात लावायला न घाबरणारा माणूस. हे सगळं डीजेंच्या दुनियेत पन्नास वर्षांपासून आहे. ते तिथून उचलायला लाज कसली?